बत्तीस फोन आणि एकशेसाठ खुर्च्या

माझ्या फोनला कंटाळलेला माणूस अजून जन्माला यायचाय. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडी बढाई आहे, पण पुरावाही आहे. गेली चौदा वर्षं मी खुर्च्या विकते. ऑफिसच्या, दवाखान्याच्या, शाळेच्या, फिरणाऱ्या आणि न फिरणाऱ्या. या चौदा वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं माझा फोन मध्येच कापलेला नाही. "मीटिंगमध्ये आहे" असं खोटंसुद्धा कोणी सांगितलेलं नाही. उलट पंधरा दिवस माझा फोन गेला नाही तर त्यांचाच येतो, "काय हो, तब्येत बरी आहे ना?"

हे आपोआप होत नाही. विक्रीतली पहिली भेट कोणीही करतं. खरी परीक्षा त्यानंतरची. गिऱ्हाईक "कळवतो" म्हणतं आणि गप्प बसतं. आता त्याला आपला विसर पडू द्यायचा नाही आणि वीटही येऊ द्यायचा नाही. त्यासाठी माझे तीन नियम आहेत. "काय ठरलं मग?" असं विचारायचं नाही. "सहज आठवण करून द्यायला फोन केला" असं म्हणायचं नाही, कारण सहज कोणी कोणाला आठवण करून देत नसतं. आणि तिसरा सगळ्यांत मोठा नियम: गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडानं खुर्ची म्हणेपर्यंत आपण खुर्ची म्हणायचं नाही. तोवर माणसाची चौकशी करायची. माझ्याकडे एक जाड वही आहे. त्यात प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. कोणाची मुलगी पोहायला शिकतेय, कोणाच्या घराचं रंगकाम रखडलंय, सगळं तारीखवार लिहिलेलं. आमचे हे म्हणतात, एवढं तर गुप्तहेरसुद्धा लिहीत नसतील.

ऑफिसात माझ्या अगदी उलट एक प्राणी आहे. त्याला आम्ही तोफ म्हणतो. तोफेचा नियम एकच, समोरचा उचलेपर्यंत फोन लावत राहायचं. सकाळी नऊला, अकराला, लोकांच्या जेवायच्या वेळेला, पुन्हा चारला. एका गिऱ्हाइकानं त्याच्यापायी नंबर बदलला, तर यानं नवा नंबर त्या गिऱ्हाइकाच्या सासऱ्यांकडून मिळवला.

तर झालं असं, की आमचे विक्रीप्रमुख निवृत्त व्हायला आले आणि साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "या तिमाहीत सगळ्यांत मोठी ऑर्डर जो आणेल, तो पुढचा विक्रीप्रमुख." चौदा वर्षांत माझ्यासमोर तीन विक्रीप्रमुख आले आणि गेले. त्यातल्या दोघांना खुर्चीचे भाग मी शिकवले होते. ती काचेची केबिन मला हवी होती. लाजबिज काही न बाळगता, अगदी मनापासून हवी होती.

महिना संपायच्या आधी तोफेनं नव्वद खुर्च्यांची ऑर्डर आणून टेबलावर आपटली. त्या लोकांना खुर्च्या नको होत्या, त्यांना तोफ नको होता. पण ऑर्डर ती ऑर्डर. मला नव्वदच्या वर काहीतरी हवं होतं आणि माझ्या वहीत तेवढं मोठं पान एकच होतं. गणवेशवाल्यांचं.

हे गणवेशवाले म्हणजे शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्याचे मालक. दोन मजले, एकशेसाठ मशिनं आणि एकशेसाठ लाकडी स्टुलं. सात महिन्यांपूर्वी मी तिथं पहिल्यांदा गेले तेव्हा त्या स्टुलांवर बायकांनी कापडाच्या चिंध्यांच्या गाद्या बांधल्या होत्या. दर दहा मिनिटांनी कोणीतरी उठून कंबर धरून उभी राहायची. मला गिऱ्हाईक दिसलं, हे खरं. पण वाईटही वाटलं, हेही खरं.

मात्र त्या दिवशी बोलणं झालंच नाही. गणवेशवाल्यांचं घर कारखान्याला लागूनच. मी पोचले तेव्हा त्यांच्या आईला गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नेण्याची गडबड चालली होती. जिन्यात मालक, मालकीणबाई, दोन कामगार आणि मधोमध खुर्चीत बसवलेल्या आजी. खुर्ची चुकीची धरली होती, ते मला बघवेना. मी पुढं झाले, कुठं धरायचं ते दाखवलं, आजींचा थर्मास आणि एक्स-रेची पिशवी घेतली आणि त्यांना गाडीत बसवून दिलं. माझं कार्ड आणि माहितीपत्रक त्या पिशवीत सरकवलं आणि म्हटलं, "घाई नाही. आधी आजींचं होऊ दे." गाडी हलताना गणवेशवाल्यांनी माझा नंबर घेतला. मला वाटलं, यापेक्षा झकास सुरुवात असूच शकत नाही.

मग सुरू झाले माझे फोन. ऑपरेशन कसं झालं? टाके कधी काढणार? आजी काठी घेऊन चालायला लागल्या का? मालकीणबाईंचं डोकं अजून दुखतं का? हळूहळू फोन इतके रंगायला लागले की एकदा आजींनीच चाळीस मिनिटं मला धरून ठेवलं आणि सुनेच्या तक्रारी सांगितल्या. दुसऱ्या दिवशी सुनेनं तेवढाच वेळ घेऊन दुसरी बाजू सांगितली. सात महिन्यांत बत्तीस फोन. खुर्ची हा शब्द मी एकदाही काढला नाही. त्यांनीही नाही.

तिमाहीचा शेवटचा आठवडा लागला आणि सोमवारी गणवेशवाल्यांचा स्वतःहून फोन आला.

"ताई, जरा सल्ला हवा होता. आम्ही कामगारांसाठी खुर्च्या घ्यायचं म्हणतोय."

म्हणाले! स्वतःच्या तोंडानं म्हणाले! मी ऑफिसात उभीच राहिले. समोरच्या टेबलावरून तोफ माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे पाठ केली आणि अगदी शांत आवाजात म्हटलं, "अरे वा. किती?"

"एकशेसाठ. शुक्रवारी दोन कंपन्यांची माणसं बोलावलीत. तुम्ही याल का? आमच्या बाजूनं बसायला."

"तुमच्या बाजूनं?"

"हो ना. हे विक्रीवाले लोक फार चिकट असतात हो. आपल्याला काही कळत नाही असं बघितलं की गळ्यात काहीही मारतात. तुमच्यासारखं निरपेक्ष माणूस बरोबर असलं म्हणजे धीर राहील."

माझ्या हातातला फोन एकदम जड झाला. "अहो, पण मी तर खुर्च्याच..." एवढं मी म्हटलं.

"हो, खुर्च्याच. स्टुलं आता नकोत. मग येताय ना? आईनं तर सांगितलंय, ताई नसतील तर मी वर येणारच नाही."

मी "येते" म्हटलं आणि मटकन बसले.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. चिरता चिरता थांबला आणि हसायला लागला, तो थांबेचना.

"म्हणजे सात महिने तू काय विकतेस तेच त्याला माहीत नाही?"

"कार्ड दिलं होतं मी. पिशवीत."

"एक्स-रेच्या पिशवीत! अगं, मला पहिल्या भेटीत कळलं होतं. पहिल्यांदा आमच्या घरी आलीस आणि जाताना माझ्या आईला खुर्ची विकून गेलीस."

"ते नियम त्यानंतर केले."

"मग आता सरळ सांगून टाक."

तेच करायचं मी ठरवलं. शुक्रवारी गेल्या गेल्या बॅगेतून माहितीपत्रक काढायचं, हात जोडायचे आणि म्हणायचं, तिसरी कंपनी मी. साहेबांना मात्र मी काही कळवलं नाही. ऑर्डर खिशात घालूनच त्यांच्यासमोर उभं राहायचं होतं मला, तोफेच्या देखत.

शुक्रवारी दहाच्या आधी कारखान्यात पोचले. वरच्या मजल्यावर कापड बेतायचं लांबलचक टेबल रिकामं करून ठेवलं होतं. एका बाजूला गणवेशवाले, मालकीणबाई, खालच्या मजल्याचे मॅनेजर आणि काठी टेकून बसलेल्या आजी. त्यांनी शेजारची जागा थोपटली, "ये गं, इथं बस." मी बसले, बॅग उघडली, घसा साफ केला.

"मला आधी एक सांगायचंय..."

"थांबा ताई," गणवेशवाले म्हणाले, "आधी आमच्या मॅनेजरना तुमची ओळख करून देतो. ह्या आईच्या दवाखान्यातल्या ताई. ऑपरेशन झाल्यापासून एक आठवडा चुकवला नाही."

मालकीणबाईंनी चमकून बघितलं. "दवाखान्यातल्या कुठल्या? ह्या तुमच्या मामेबहिणीच्या जाऊबाई ना?"

"काय बोलता तुम्ही?" आजी म्हणाल्या. "ही माझ्या सकाळच्या फिरायच्या गटातली. हो ना गं?"

चौघंही माझ्याकडे बघायला लागले. घरच्या तिघांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं, की सात महिने प्रत्येकाला विचारायचं होतं आणि आता विचारायचं कसं म्हणून प्रत्येक जण गप्प बसला होता. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. पहिल्या कंपनीचा माणूस खुर्ची घेऊन आत आला. सुटले, असं मला वाटलं.

त्याची खुर्ची मऊ होती. आजी तीत बसल्या आणि रुतल्या. त्यांना बाहेर काढायला दोघं लागले. "पुढचं बोलवा," आजींनी सांगितलं आणि तो गृहस्थ पाच मिनिटांत खुर्चीसकट जिना उतरला.

मग दुसरी कंपनी आली. पुढं आमचे साहेब आणि मागं डोक्यावर खुर्ची घेतलेला तोफ.

कारखाना कागदोपत्री आजींच्या नावानं आहे, हे मला तेव्हा कळलं. माझ्या वहीत तो "गणवेशवाले" म्हणून होता आणि साहेबांकडे आजींच्या नावानं विचारणा आली होती. एवढी मोठी ऑर्डर म्हणून साहेब स्वतः निघाले होते. मला समोर, गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलेली बघून ते उंबऱ्यातच थबकले. तोफेचं तोंड उघडलं. साहेबांनी त्याच्या पायावर पाय दिला.

आमचे साहेब हुशार आहेत. त्यांनी एका नजरेत हिशोब जुळवला आणि तो साफ चुकीचा जुळवला. त्यांना वाटलं, ही बाई आधीच आत घुसून बसली आहे, आता मान डोलावेल आणि ऑर्डर आपली. खुर्चीची चाकं दाखवायला वाकले तेव्हा माझ्या कानाजवळ हळूच "शाब्बास" म्हणाले.

"ही आमची सगळ्यांत जास्त खपणारी खुर्ची," साहेब म्हणाले. "चाकं, हात, जाळीची पाठ. ताई, तुमचं काय मत?"

मी "छान आहे" म्हणणारच होते. तेवढ्यात आजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "घाई करू नको. आमच्या बायका आठ-आठ तास बसतात. तू आमच्या बाजूची आहेस, जे खरं असेल ते बोल."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? चौदा वर्षं मी खुर्च्या बघितल्यात. जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे पडलेले मला दिसत होते. असल्या जागी चाकं महिन्याभरात दोरा गुंडाळून घट्ट बसतात. हात असलेली खुर्ची मशिनखाली सरकत नाही, मग बाई टोकावर बसते आणि पाठ पुन्हा मोडते. हे ठाऊक असूनही गप्प बसणं माझ्याच्यानं होईना.

"चाकं नकोत," मी म्हटलं. "रबरी पाय लावा."

साहेब हसले. "लावू की."

"आणि हातही नकोत. हात नसले तर किंमत किती कमी होईल?"

साहेबांचं हसू जरा आखडलं. "मॅडम, हात काढायलासुद्धा मजुरी लागते."

"बसवलेच नाहीत, तर काढावे कशाला लागतील?"

आजींनी काठी जमिनीवर आपटून दाद दिली. साहेबांच्या भुवया मला सांगत होत्या की नाटक जरा जास्त होतंय. पण मला आता सूर सापडला होता. कुठल्या भागाला आम्हाला काय पडतं आणि आम्ही काय लावतो, हे मला तोंडपाठ! चाकं रबरी पायांपेक्षा महाग असतात, तेवढे वजा करायला लावले. जाळीऐवजी कापडी पाठ लावायची आणि कापड कारखान्याचंच वापरायचं, तेही वजा. हमी दोन वर्षांची होती ती पाच वर्षांची करून घेतली. पोचवणं फुकट. जिना चढवणंही फुकट. "आणि खुर्ची कुठं धरायची हे तुमच्या माणसांना आधी शिकवा," असंही सांगितलं. साहेबांनी रुमाल काढला. तोफ आयुष्यात पहिल्यांदा गप्प होता. मालकीणबाई माझं प्रत्येक वाक्य कापड बेतायच्या कागदावर लिहून घेत होत्या. गणवेशवाल्यांच्या चेहऱ्यावर तर असा आनंद पसरला होता की मला स्वतःचाच अभिमान वाटायला लागला.

आजी खुर्चीत बसल्या आणि काठीला हात न लावता उभ्या राहिल्या. "हीच," त्या म्हणाल्या. एकशेसाठ खुर्च्यांची ऑर्डर झाली. नव्वदच्या वर सत्तर!

सही करता करता गणवेशवाले साहेबांना म्हणाले, "माल चांगला आहे तुमचा. पण एक तक्रार आहे. आम्हाला खुर्च्या लागणार हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. सात महिन्यांत तुमच्या कंपनीतून एक फोन आला नाही. आम्हालाच शोधत यावं लागलं."

तोफ तेवढ्यात उजळला. "सर, मला आधी सांगितलं असतं तर रोज केला असता," तो म्हणाला.

हे मात्र मला सहन झालं नाही. मी वही काढली, त्यांचं पान उघडलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवलं. "बत्तीस फोन," मी म्हटलं. "तारीखवार. मी ह्याच कंपनीत विक्रीला आहे. कार्ड एक्स-रेच्या पिशवीत आहे. खरं म्हणजे सकाळी आल्या आल्या सांगणार होते."

मालकीणबाईंनी पान जवळ ओढून वाचायला सुरुवात केली. शेजारी येऊन पुन्हा माझं मनगट धरून बसलेल्या आजींनी हात काढून घेतला. ते मला फार लागलं.

"म्हणजे माझ्या गुडघ्याची चौकशी तू खुर्च्या विकायला करत होतीस?"

"पहिले चार-पाच फोन त्यासाठीच होते, आजी," मी म्हटलं. "पुढचे कशासाठी केले ते मलाच नीट सांगता येणार नाही. बोलायला बरं वाटायचं. खुर्च्या विकायच्या असत्या तर सात महिन्यांत एकदा तरी नाव काढलं असतं ना?"

आजींनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे.

"विक्रीला आहेस तर मग तुझ्या साहेबांना सांग," त्या म्हणाल्या, "अजून दोन टक्के सोडा म्हणावं."

मी साहेबांकडे वळले. साहेबांनी सोडले.

परत येताना गाडीत साहेब सारखे कागदावर आकडेमोड करत होते. मला पर्वा नव्हती. तोफ खिडकीबाहेर बघत होता आणि मी मनातल्या मनात काचेच्या केबिनला पडदे लावत होते. सोमवारी साहेबांनी बोलावलं.

"बसा. विक्रीप्रमुखाची जागा मी तुम्हाला देऊ शकत नाही."

"का? एकशेसाठ नव्वदपेक्षा जास्त होतात."

"होतात. पण बाई, बावीस वर्षं मी या धंद्यात आहे. शुक्रवारी तासाभरात तुम्ही मला जेवढं खाली उतरवलंत, तेवढं आजवर एकाही गिऱ्हाइकाला जमलं नाही. वरून नफ्याचा आकडा तुम्हाला माहीत, तरी थांबला नाहीत. असलं माणूस मी विक्रीत वाया घालवू?" त्यांनी एक कागद पुढं सरकवला. "आजपासून तुम्ही खरेदीप्रमुख. समोरच्याला असंच रडवा, फक्त आपल्या बाजूनं बसून."

विक्रीप्रमुख तोफ झाला. झाला तर झाला! माझी केबिन त्याच्या केबिनपेक्षा दोन पावलं रुंद आहे, मी मोजून बघितलं. शिवाय खिडकी आहे आणि पगारही त्याच्याहून वरचा. गणवेशवाल्यांकडे खुर्च्या लागल्या, आजींचा फोन अजून दर आठवड्याला येतो. नवऱ्यानं माझ्या नावाची पाटी केली, ती मी दाराला स्वतः ठोकली.

आता विकणारे लोक मला फोन करतात. त्यातले दोघं तर लक्षात राहण्यासारखे. एक अगदी माझ्यासारखा, म्हणजे मी होते तसा. दर बुधवारी फोन, तोही सवडीच्या वेळी. मान दुखते का, नवी केबिन मानवली का, साहेबांचं काय म्हणणं. इतका गोड माणूस की फोन ठेवल्यावर दिवस बरा जातो. दुसरा सकाळी नऊला, अकराला, जेवायच्या वेळेला आणि पुन्हा चारला. त्याला मी दोनदा चांगलं झापलं आहे.

मागच्या आठवड्यात खुर्च्यांच्या गाद्यांचा स्पंज संपला. तातडीनं मोठी ऑर्डर काढायची होती. ती मी दुसऱ्याला दिली. काय करणार? निदान तो स्पंज विकतो हे मला माहीत होतं. पहिला माणूस लाख चांगला आहे हो, पण तो नक्की काय विकतो हे मला अजून कळलेलं नाही, आणि इतक्या दिवसांनी आता विचारायचं तरी कसं?